कपाट उघडून बघायचं : पाचगणी की पन्हाळा?

आमची इमारत पुनर्विकासाला गेली. अशा वेळी मालकाला नवी सदनिका मिळते आणि भाडेकरूला तारीख मिळते. आम्हाला मिळाली ३० सप्टेंबर. कर्वेनगरात दोन खोल्यांचे १८ हजार भरत होतो. आता त्याच गल्लीत २४ च्या खाली कुणी बोलायला तयार नाही.

मी घरी बसून आठ-नऊ दुकानदारांचे हिशेब लिहिते, त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरते. महिन्याच्या ११ तारखेला आणि २० तारखेला मला इंटरनेट लागतं. एरवी मी पुण्यात असले काय आणि डोंगरावर असले काय, कुणाच्या गल्ल्यात फरक पडत नाही. आई ७६ वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. गेली दोन वर्षं तिला पुण्याच्या हवेनं खोकला धरलाय. तिचं निवृत्तिवेतन आणि माझी कमाई समोर ठेवून आकडा काढला: भाडं, वीज, पाणी सगळं मिळून १० हजार. त्यावर एक रुपया नाही.

मग थंड हवेच्या ठिकाणांची यादी केली आणि लगेच खोडायला घेतली. लोणावळा मुंबईच्या पैशानं महाग झालेलं. माथेरानला गाड्यांना बंदी, त्यामुळे दस्तुरीपासून पुढे प्रत्येक गोष्टीला हमाली. शिवाय आईचे गुडघे. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे चार महिने घरात बसून भिंती पुसायच्या. उरली दोन नावं, पाचगणी आणि पन्हाळा.

जूनची विवरणपत्रं २० जुलैला भरून झाली आणि २१ ला निघालो. भर पावसात कशाला, असं तिघा-चौघांनी विचारलं. मे महिन्यात कुठलाही डोंगर चांगलाच दिसतो, म्हणून.

दिवस पहिला, सोमवार

स्वारगेटहून महाबळेश्वरची एसटी. कंडक्टरनं आईचं आधार कार्ड बघून शून्य रुपयांचं तिकीट फाडलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. दोघींचा मिळून अर्ध्या माणसाचा खर्च. "मी फुकट आहे, हे कुणाला सांगू नकोस," आई म्हणाली. ते तिकीट मात्र तिनं घडी घालून पर्समध्ये जपून ठेवलं.

खंबाटकी घाटात पाऊस नव्हता. सुरूर फाट्याला भुरभुर सुरू झाली. वाईत छत्र्या उघडल्या, आणि पसरणी घाट चढायला लागलो तेव्हा समोरची काच पांढरी झाली. डाव्या-उजव्या बाजूला काय आहे ते कळेना. एका वळणावर दोन मिनिटं ढग फाटले, खाली धोमचं पाणी दिसलं, पुन्हा पडदा. ड्रायव्हर मात्र शांतपणे चुन्याची डबी शोधत होता. मी नजर खिडकीबाहेर वळवली, म्हणजे पांढऱ्याकडेच.

वाई ते पाचगणी १२-१३ किलोमीटर. आई औषधं वाईत मिळतात का, दवाखाने किती, हे शेजारच्या बाईला विचारत होती. ती बाई पाचगणीच्या एका शाळेत स्वयंपाकाला होती. तिनं एकाच वाक्यात गाव सांगितलं: "शाळा आहेत म्हणून गाव आहे, आणि शाळा आहेत म्हणून खोल्या नाहीत."

पावसाळ्यात लॉज निम्म्या दरानं मिळतात, म्हणून खोली बरी मिळाली. पण पांघरूण उचललं तर हाताला गार आणि जड लागलं. ओलं म्हणता येणार नाही, पण कोरडंही नाही. आई स्वेटर घालून झोपली. मी रात्री दोनदा उठून आमच्या चपला पंख्याखाली सरकवल्या. पंखाही काय करणार, तोही तीच हवा फिरवत होता.

दिवस दुसरा, मंगळवार

एजंट सकाळी साडेनऊला आला. अंगात रेनकोट, पायात गमबूट, हातात किल्ल्यांचा जुडगा. चार घरं बघितली. ती सगळी सांगते, कारण पाचगणी मला त्या चार घरांतूनच कळली. टेबललँडच्या पठारावर आम्ही गेलोच नाही.

पहिलं घर बाजारामागच्या गल्लीत. एक खोली, स्वयंपाकघर, ११ हजार. भिंतींना ताजा रंग. मी नळ सोडून बघितले, बटणं दाबून बघितली. आईनं यातलं काही केलं नाही. ती सरळ भिंतीतल्या कपाटाकडे गेली, दार उघडलं, डोकं आत घातलं आणि श्वास घेतला. मग बाहेर येऊन म्हणाली, "चल." जिन्यात तिनं खुलासा केला: "रंग भिंतीला देतात गं, कपाटाला आतून कोण देतंय. आत बुरशी आहे." त्यानंतर प्रत्येक घरात आधी कपाट, मग बाकीचं. एजंटलाही तिसऱ्या घरापर्यंत सवय झाली. तो आत शिरल्या शिरल्या स्वतःच कपाट उघडून बाजूला उभा राहायला लागला.

दुसरं घर बघून मात्र आम्ही दोघी गप्प झालो. जुना बंगला, आवारात सिल्व्हर ओकची उंच झाडं, मागच्या बाजूला नोकरांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. खिडकीतून धुकं आत येत होतं. कपाट पास. भाडं ९ हजार. मी मनातल्या मनात टेबल कुठे ठेवायचं ते ठरवूनही टाकलं. मग एजंट म्हणाला, "मालक मुंबईला असतात. शनिवार-रविवारी पाहुणे येतात बंगल्यात. तुम्ही जरा किल्ली द्यायची, चादरी बदलल्या का बघायचं, एवढंच." म्हणजे ९ हजार आपण द्यायचे आणि राखणदारीही आपणच करायची. एवढं सगळं त्यानं अगदी निरागसपणे सांगितलं. मला अजून त्या खिडकीची हळहळ वाटते, खोटं कशाला बोलू.

तिसरं घर आधी लॉज होतं. भाडं साडेआठ हजार, पण विजेचं मीटर व्यापारी दराचं. घरगुती दरापेक्षा युनिट बरंच महाग, आणि पावसाळ्यात गीझरशिवाय चालत नाही. शिवाय अट अशी की १५ एप्रिल ते १५ जून खोली रिकामी करून द्यायची. "सीझन असतो ना ताई." त्या दोन महिन्यांत आम्ही जायचं कुठे? "गावाकडे जातात सगळे." आमचं गाव म्हणजे हेच होणार होतं. करारनामा नोंदवणार का, असं विचारलं तर, "नोटरी करू की." भाडं छोटं असो की मोठं, लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं सक्तीचं आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. मुद्रांक शुल्कही एकूण भाड्याच्या पाव टक्काच असतं. पण मालकांना शुल्काची नाही, कागदाची भीती वाटते. कागद झाला की एप्रिलमध्ये बाहेर काढता येत नाही.

चौथं घर गावाबाहेर, खिंगरच्या रस्त्याला. साडेसात हजार, शेताच्या कडेला, स्वच्छ, मालकीणबाई प्रेमळ. आईला फार आवडलं. पण गावात यायचं तर एक तर जीप, नाही तर पायी चढ. धुक्यात, ७६ व्या वर्षी.

दुपारी चहा पिताना एजंटला विचारलं, नवी घरं का बांधत नाहीत? तो हसला. १७ जानेवारी २००१ ला केंद्रानं महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. तेव्हापासून बांधकामावर, उंचीवर, झाड तोडण्यावर बंधनं आहेत. डोंगर वाचायचा तर ती हवीतच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही; उघडे बोडके डोंगर मी पुण्याभोवती रोज बघते. पण त्याची दुसरी बाजू अशी की घरं तेवढीच राहिली, आणि त्यांच्यावर शाळांचे कर्मचारी, हॉटेलांचे कामगार आणि शनिवार-रविवारचे पाहुणे असे तिघं टपलेले. पाहुणा एका रात्रीचे जे देतो ते मी आठवड्याला देणार. मालकाच्या जागी मी असते तर मीही एप्रिलमध्ये खोली मागितली असती.

यात गंमत अशी की पाचगणी वसली तीच मुळी आमच्यासारख्यांसाठी. १८६० च्या दशकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजानं निवृत्त गोऱ्यांना राहायला म्हणून ही जागा वाढवली. महाबळेश्वरचा पाऊस त्यांना सोसेना आणि खालचं ऊन सोसेना. १८-२० किलोमीटर पूर्वेला सरकलं की पाऊस निम्म्याहून खाली येतो, एवढं साधं गणित. चेसनचं थडगंही इथल्याच चर्चच्या आवारात आहे. पुढे शाळा निघाल्या, मग कोरड्या हवेसाठी क्षयाचे रोगी यायला लागले, त्यांच्यासाठी आरोग्यधाम झालं. कोरडी हवा हिवाळ्यातली म्हणायची. जुलैत आमचा टॉवेल दोन दिवसांत वाळला नाही.

संध्याकाळी तिकिटाच्या मागे हिशेब मांडला. पाचगणीच्या बाजूनं: पुणे १०० किलोमीटर, तीन तासांत गिऱ्हाइकाच्या दुकानात. मोबाइलचं नेटवर्क चारही घरांत उत्तम. उपचारांची सोय गावात, मोठं काही झालं तर वाई, नाही तर सातारा. विरुद्ध बाजूनं एकच ओळ: १० हजारांत जे बसतं ते वर्षातले दहा महिनेच आपलं.

दिवस तिसरा, बुधवार

आईला भिलारला जायचं होतं, पुस्तकांच्या गावाला. २०१७ मध्ये ते सुरू झाल्याची बातमी तिनं कात्रण करून ठेवली होती. पण भिलार महाबळेश्वरच्या दिशेला आणि आमची बस साताऱ्याच्या. पाऊस एवढा की सामान घेऊन उलटं जायची हिंमत झाली नाही. ती रुसली. साताऱ्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

सातारा ते कोल्हापूर हा रस्ता सध्या प्रवास नसून शिक्षा आहे. सहापदरीकरणाचं काम चाललंय. एसटी दर थोड्या अंतरानं मुख्य रस्ता सोडून बाजूच्या खड्ड्यांत उतरते आणि परत वर येते. आईच्या कमरेनं कराडनंतर बोलायला सुरुवात केली, त्यामुळे आईलाही बोलावं लागलं.

कोल्हापुरात पोचलो तर जेवणाच्या प्रत्येक हॉटेलसमोर रांग. उद्या अवस, परवापासून श्रावण. महिनाभराचं मटण लोक दोन दिवसांत खाऊन घेत होते. आम्ही शाकाहारी. वेटरनं आमच्याकडे ज्या करुणेनं बघितलं तसं अलीकडे कुणी बघितलं नव्हतं.

दिवस चौथा, गुरुवार

स्टँडवरून पन्हाळ्याची एसटी. २० किलोमीटरच अंतर. रत्नागिरीचा रस्ता धरायचा, वाघबीळला वळायचं आणि चढायचं. पसरणीच्या मानानं घाट छोटा, पण शेवटच्या टप्प्यात बस तटबंदीला खेटून वर येते आणि आपण किल्ल्यात शिरतो. पन्हाळ्याचं वेगळेपण तेच आहे. इथे गावात किल्ला नाही, किल्ल्यात गाव आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ३ हजारांच्या किंचित वर. पाचगणीची १५ हजारांच्या जवळ होती. तरी नगरपरिषद आहे, तालुक्याची कचेरी आहे, ग्रामीण रुग्णालय आहे.

ओळखीतून एका निवृत्त ड्रायव्हरांचा नंबर मिळाला होता. ते स्टँडवर प्लॅस्टिकची खोळ डोक्यावर घेऊन उभे. "या की. लई पाऊस आणलासा." घर पाच मिनिटांवर, सपाट रस्ता. आईचे गुडघे मनातल्या मनात हसले असणार. पुढे पडवी, दोन खोल्या, मागे मोरी. भाडं साडेपाच हजार, अनामत १० हजार. पाचगणीत अनामतीचा आकडा ५० पासून सुरू होत होता.

आई सवयीनं कपाट शोधायला लागली. कपाट नव्हतंच. जाड दगडी भिंतीत उघडे कोनाडे, त्यात पितळी डबे. आई क्षणभर गोंधळली. मग तिनं कोनाड्यात हात घालून आतली भिंत चाचपली. "कोरडं आहे गं."

"हितं कोरडंच हाय," मालक म्हणाले, "पण मागली खोली दावतो, या." मागच्या खोलीची उत्तरेकडची भिंत खालपासून हातभर काळी पडली होती, आणि छताच्या कोपऱ्याखाली बादली ठेवलेली. टप, टप. "ही भिंत चार महिने रडतीया. नंतर गप्प बसतीया. आधीच सांगतो, मागनं कटकट नको." तीन दिवसांत पहिल्यांदा एखाद्या घरमालकानं मला घरातली वाईट खोली आपण होऊन दाखवली.

दुरुस्ती का करत नाही, असं विचारलं तर त्यांनी आतून एक फाइल आणली. पन्हाळा हा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालचा किल्ला. कायदा असा की संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित. प्रतिबंधित भागात नवीन बांधकाम नाही, आणि १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची नुसती दुरुस्ती करायची तरी परवानगी. इथे वास्तू म्हणजे सगळा गडच, तेव्हा वाट्याला आलेली १०० मीटर कुठून मोजायची हाच घरोघरचा वाद. त्यात ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याखाली पन्हाळ्याचं नाव घातलं, एकूण बारा किल्ल्यांत. आम्ही गेलो तेव्हा बातमी पंधरा दिवसांचीसुद्धा झाली नव्हती. गावात अभिमान होता, त्याच्या शेजारीच धास्ती होती. मालक म्हणाले, "नाव मोठ्ठं झालं, ब्येस झालं. आता पत्रा बदलायला कुठं जायाचं, प्यारिसला?"

पाचगणीत बंधनांमुळे भाडं चढलं होतं, इथे बंधनांमुळे उतरलं होतं. तिथे नवं घर होत नाही म्हणून जुन्याला भाव. इथे घर नीट करता येत नाही म्हणून तरुण कोल्हापुरात उतरतात आणि मागे दोन-दोन खोल्या रिकाम्या राहतात. माझ्या १० हजारांना दुसरं पटत होतं. पण स्वस्ताई कुठून येते हे एकदा डोळ्यांनी बघितलेलं बरं. ती बादलीतून येत होती.

मग माझी परीक्षा. फोन घेऊन घरभर फिरले. पुढच्या खोलीत नेटवर्कची एक कांडी, मधल्या खोलीत काही नाही, पडवीत तीन. पडवीत उभी राहून जीएसटीचं पोर्टल उघडून बघितलं, उघडलं. (२० तारखेला ते पुण्यात भर पेठेतही उघडत नाही, ती गोष्ट वेगळी.) केबलवाला फायबरची जोडणी देतो, पण वीज गेली की तीही जाते. आणि वीज जाते का? "जाती की." आणि पाणी खालून पंपानं वर चढवायचं, म्हणजे वीज फार वेळ गेली तर पाण्याचीही ओढ. मी वहीत लिहिलं: पडवीत टेबल. इन्व्हर्टर. पिंप मोठं.

रस्त्याचं मात्र त्यांनी विचारल्याशिवाय सांगितलं नाही, आणि सांगताना आवाज बदलला. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ता खचला. बरेच दिवस वाहनं बंद. खचलेल्या जागेपर्यंत गाडी, पुढे पायी. गॅसच्या टाक्या, दूध, भाजी, सगळं खांद्यावर. "म्हाताऱ्या माणसास्नी तवा अवघड गेलं," ते आईकडे न बघता म्हणाले. त्या एका वाक्यावर मी रात्रभर विचार केला. कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय २० किलोमीटरवर आहे, मोठी खाजगी रुग्णालयं आहेत, हे सगळं रस्ता असेपर्यंत. पाचगणीला दरड कोसळली तरी एक वाट वाईची, एक महाबळेश्वरची.

संध्याकाळी साडेसहाला वीज गेली. मालकांच्या सूनबाई आईला बोलवायला आल्या. दिव्यांची अवस. त्यांनी घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडले होते: समया, निरांजनं, एक कंदील आणि, का कोण जाणे, मोटारसायकलचा एक जुना हेडलाइट. तो मालकांच्या नातवाचा हट्ट. कणकेचे गोड दिवे उकडलेले, वर तूप. आई पुण्यात हे करायची तेव्हा तिच्या हाताखाली मी असायची, आणि गेली काही वर्षं ते सुटलंच होतं. ती मांडी घालता येत नाही म्हणून खुर्चीवर बसली आणि तिथून सूनबाईंना वातींची लांबी शिकवू लागली. सूनबाईंनी ऐकूनही घेतलं. वीज साडेआठला आली.

लॉजवर परतताना आईनं विचारलं, "मोरोपंत इथले ना?" इथलेच. १७२९ चा पन्हाळ्याचा जन्म. त्यांच्या नावाचं ग्रंथालय गावात आहे, हे मालकांनी दुपारीच सांगितलं होतं. भिलारचा रुसवा अर्धा तिथेच निघाला.

दिवस पाचवा, शुक्रवार

सकाळी पाऊस थांबला आणि गड दिसला. अंबरखान्याची ती प्रचंड धान्यकोठारं, मागे ढग. वर्षभर वेढा सोसायची बेगमी करणारी माणसं इथे राहून गेली. १६६० च्या जुलैत, अशाच पावसात, सिद्दीच्या वेढ्यातून शिवाजी महाराज इथूनच निसटले. आईनं शाळेत हे किती वेळा शिकवलं असेल. ती तटापाशी उभी राहून म्हणाली, "एवढ्या चिखलात पालखी पळवली म्हणजे!" आणि लगेच, "आपलं सामान कसं आणायचं गं?"

मला वाटलं होतं निर्णय मी घेईन. हिशेबाची वही माझ्याकडे होती. खरं सांगायचं तर वहीत पाचगणी अजून हरली नव्हती. माझी चार गिऱ्हाइकं तिमाहीला समोर बसल्याशिवाय कागद देत नाहीत. पन्हाळ्याहून पुणं म्हणजे अडीचशे किलोमीटर, तो खणलेला रस्ता, आणि एक रात्र पुण्यात कुणाकडे तरी. अर्धं तिकीट धरलं तरी वर्षाला चार-पाच हजार. ते भाड्यात मिळवले तरी महिन्याला ६ हजारांच्या आत बसतं. पाचगणीचं दहा महिन्यांचं घर त्याहून अडीच हजारांनी महाग, वर दोन महिने बेघर. पैशात पन्हाळा जिंकत होता. रस्त्यात हरत होता.

मालकांना मी सरळ सांगितलं की भिंतीची नाही, रस्त्याची भीती वाटते. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये आलो तर? ते पडवीत विडी विझवून म्हणाले, "ऑक्टोबरात येऊ नगासा. तवा समदं चांगलंच दिसतंय. आता ऑगस्टात या. दोन पिशव्या घेऊन या, महिनाभर ऱ्हावा. महिन्याचं भाडं द्या, अनामत नको. पटलं तर सामान आणा, न्हाई पटलं तर जावा परत."

मे महिन्याबद्दल मी जे म्हणत होते तेच हा माणूस मला ऑक्टोबरबद्दल सांगत होता. मी आईकडे बघितलं. ती कोनाड्याची खोली वितीनं मोजत होती.

साडेपाच हजार दिले. पावती मागितली. त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिली, खाली सही. करारनामा नोंदवायचा तर सामान आल्यावर, म्हणाले, आणि "नोटरी" हा शब्द काढला नाही. ऑगस्टची २० तारीख त्या पडवीतूनच पार पाडायची आहे. नाही जमलं तर कोल्हापुरात उतरून एखाद्या सायबर कॅफेत बसेन. ती सोय २० किलोमीटरवर आहे, हेही वहीत लिहिलं.

ग्रंथालय बाहेरूनच बघितलं. उघडायच्या आधीची बस होती.

बस उतरायला लागली तशी आई सामानाची यादी करू लागली. प्लायवूडचं कपाट विकायचं, ते फुगेल. गाद्या नकोत, तिथे पिंजून घेऊ. पितळी डबे माळ्यावर आहेत ते काढायचे. "गोदरेजचं कपाट मात्र येणार. ते माझ्या लग्नातलं आहे."

"आई, अजून महिनाभर राहून बघायचंय."

"बघू की. पण ते दारातून जाईल का?"

वाघबीळच्या आधी मी मालकांना फोन लावला. दार किती रुंद आहे? ते म्हणाले, थांबा दोन मिनटं, मोजतो. फोन चालूच होता. पलीकडून टेप ओढल्याचा आवाज, नातवाला हाक, बादलीला पाय लागल्याचा आवाज.

"ताई, उभं न्हाई जायाचं," ते म्हणाले. "आडवं जातंय."